हंगेरीतील रेनेसान्स उत्सव आणि प्रदर्शने : आधी तुकडे, मग मिरवणूक

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : येत्या जुलैमध्ये आई-वडील आणि बारा वर्षांची मुलगी यांना घेऊन आपण आठ दिवसांसाठी हंगेरीला जाणार आहात. तिथे ‘रेनेसान्स’च्या, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातील युरोपीय प्रबोधनकाळाच्या, नावाने होणारे उत्सव त्या देशाचा वारसा खरोखर दाखवतात की पर्यटकांसाठी भरवलेली ती जत्रा असते, आणि वेळ कमी असेल तर उत्सवाला जावे की संग्रहालयांतील प्रदर्शनांना, हे आपल्याला ठरवता येत नाही. मी २००८ पासून पुण्याहून लहान अभ्यासगट घेऊन मध्य युरोपात जाते आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गटातील कोणीतरी मला विचारतोच. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ‘खरे की जत्रा’ अशी निवड मुळात करावी लागत नाही. उत्सव ही जत्राच असते आणि तो काही दोष नव्हे. खरी अडचण वेगळी आहे. फ्लोरेन्समध्ये आपण पंधराव्या शतकातील इमारतीत उभे राहून पंधराव्या शतकातील भिंतिचित्र पाहू शकतो. हंगेरीत तसे जवळजवळ कुठेच होत नाही, कारण तिथला रेनेसान्स जागच्या जागी अखंड उरलेला नाही. तो तुकड्यांत उरला आहे आणि त्यातले बरेच तुकडे देशाबाहेर आहेत. प्रदर्शन ते तुकडे काही महिन्यांसाठी एकत्र आणते, तर उत्सव उरलेली पोकळी कपडे, घोडे आणि वाद्ये यांनी भरून काढतो. दोन्ही प्रकार जोडकामाचेच आहेत, आणि जोड कुठे आहे हे जो लपवत नाही तो चांगला, असा माझा निकष आहे.

हे पटण्यासाठी थोडा इतिहास लागेल. या सगळ्या उत्सवांच्या आणि प्रदर्शनांच्या मध्यभागी एकच माणूस असतो : राजा मात्याश हुन्यादी. (हंगेरीत आडनाव आधी लिहितात, त्यामुळे तिथल्या पाट्यांवर आपल्याला ‘हुन्यादी मात्याश’ असे दिसेल.) त्याचा जन्म १४४३ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील कोलोझ्वार येथे झाला, हे शहर आज रोमानियात आहे आणि क्लुज या नावाने ओळखले जाते. २४ जानेवारी १४५८ रोजी, वयाची पंधरा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, तो राजा म्हणून निवडला गेला. गोठलेल्या डॅन्यूबच्या बर्फावर जमलेल्या सरदारांनी त्याचा जयघोष केला, अशी कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. मात्र त्या दिवशी मात्याश स्वतः तिथे नव्हता, तो प्रागमध्ये नजरकैदेत होता, हे बहुतेक जण सांगत नाहीत. १४७६ मध्ये त्याने नेपल्सच्या राजाची मुलगी बेआत्रिचे हिच्याशी विवाह केला. आल्प्सच्या उत्तरेकडच्या राजदरबारांत इटालियन रेनेसान्सचे पाऊल सर्वांत आधी पडले ते बुडा (आजच्या बुडापेस्टचाच एक भाग) आणि विशेग्राद येथे. इटलीतून शिल्पकार, लेखनिक, इतिहासकार आले, राजाने मोठे ग्रंथालय उभारले आणि १४७३ मध्ये बुडा येथे आंद्राश हेस याने हंगेरीतील पहिले पुस्तक छापले. मात्याश १४९० मध्ये व्हिएन्नामध्ये वारला.

त्यानंतर छत्तीस वर्षांनी, २९ ऑगस्ट १५२६ रोजी, मोहाचच्या लढाईत हंगेरीचे सैन्य ऑटोमन तुर्कांच्या सैन्यापुढे संपले. सुलतान सुलेमान बुडात शिरला आणि राजवाड्यातील कांस्यमूर्ती व पुस्तके इस्तंबूलला घेऊन गेला. १५४१ मध्ये बुडा पूर्णपणे ऑटोमनांच्या हाती गेले, आणि १६८६ मध्ये ख्रिस्ती सैन्याने ते परत घेतले तेव्हाच्या तोफमाऱ्यात राजवाड्याचे जे काही उरले होते त्याचाही चुराडा झाला. म्हणून आज बुडाच्या टेकडीवर दिसणारा भव्य राजवाडा मात्याशचा नाही. त्याच्या राजवाड्याचे अवशेष दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उत्खननात त्याच टेकडीत, आजच्या इमारतीच्या पोटात, सापडले आणि ते बुडापेस्ट इतिहास संग्रहालयात, म्हणजे किल्ल्यातल्याच संग्रहालयात, पाहता येतात : लाल दगडाच्या दारचौकटी, कठड्यांचे खांब, रंगीत झिलईच्या फरश्या.

ग्रंथालयाची कहाणी तर याहून विलक्षण आहे. मात्याशच्या संग्रहातील हस्तलिखितांना ‘कोर्विना’ म्हणतात, कारण त्याच्या घराण्याच्या चिन्हावर चोचीत अंगठी धरलेला डोमकावळा आहे आणि डोमकावळ्याला लॅटिनमध्ये कोर्वुस म्हणतात. जाणकारांच्या अंदाजानुसार मूळ संग्रहात दोन ते अडीच हजार ग्रंथ होते; आज त्यांतले दोनशेहून थोडे अधिक उरले आहेत, आणि त्यांतलेही पन्नासाच्या आसपासच हंगेरीत आहेत. बाकीचे व्हिएन्ना, फ्लोरेन्स, मोदेना, व्हॅटिकन, म्युनिक अशा ठिकाणी विखुरले आहेत. यातली गंमत अशी की, मात्याशच्या मृत्यूनंतर व्हिएन्नातील विद्वानांनी वाचायला म्हणून नेलेले आणि परत न केलेले काही ग्रंथच सुरक्षित राहिले. प्रामाणिकपणे बुडात ठेवलेले बहुतेक नाहीसे झाले. १८७७ मध्ये सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने ३५ हस्तलिखिते बुडापेस्टला परत पाठवली, त्यांपैकी काही कोर्विना होत्या. २००५ मध्ये युनेस्कोने हा विखुरलेला संग्रह ‘जागतिक स्मृती’च्या नोंदवहीत समाविष्ट केला.

आता आपल्या लक्षात येईल की या विषयावरील मोठे प्रदर्शन ही हंगेरीत एवढी महत्त्वाची घटना का असते. १९८२ मध्ये ऑस्ट्रियातील शालाबुर्ग येथे मात्याश आणि हंगेरीतील रेनेसान्स या विषयावर मोठे प्रदर्शन भरले होते. राज्यारोहणाला ५५० वर्षे झाली म्हणून हंगेरीने २००८ हे संपूर्ण वर्ष ‘रेनेसान्स वर्ष’ म्हणून साजरे केले. बुडापेस्ट इतिहास संग्रहालयाने राजदरबारावर, राष्ट्रीय सेचेनी ग्रंथालयाने यानोश व्हिटेझ या मानवतावादी धर्माध्यक्षावर, उपयोजित कला संग्रहालयाने माजोलिका या इटालियन, रंगीत झिलईच्या मातीच्या भांड्यांवर, तर लोकजीवन संग्रहालयाने लोककलेत झिरपलेल्या रेनेसान्स आकृतिबंधांवर प्रदर्शने भरवली. २०१३ मध्ये फ्लोरेन्समधील सान मार्को येथे मात्याश आणि फ्लोरेन्स यांच्या संबंधांवर, आणि २०१८ च्या अखेरीस सेचेनी ग्रंथालयात कोर्विना आणि बुडातील चित्रलेखन कार्यशाळा यांवर प्रदर्शन झाले. माझी सुरुवात २००८ च्या त्या वर्षातलीच आहे आणि माझ्या मते चारही प्रदर्शनांत लोकजीवन संग्रहालयाचे सर्वांत विचार करायला लावणारे होते. ट्रान्सिल्व्हेनियातील लाकडी छतांच्या रंगवलेल्या चौकटींत, पेटाऱ्यांवर आणि उशांच्या भरतकामात जी फुलदाणीतून वर येणारी कार्नेशनची आणि ट्यूलिपची फुले दिसतात, ती दरबारी रेनेसान्सची खेड्यात रुजलेली शाखा आहे, हे तिथे वस्तू शेजारी-शेजारी ठेवून दाखवले होते. राजवाडे पडले, पण नक्षी सुतारांच्या आणि बायकांच्या हातात तीनशे वर्षे टिकली. आपल्या आईंना भरतकामाची आवड असेल, तर बुडापेस्टच्या शहर उद्यानात २०२२ मध्ये नव्या इमारतीत सुरू झालेल्या याच संग्रहालयात त्यांना अर्धा दिवस द्यावा.

माजोलिकाच्या प्रदर्शनाचे नाव ‘बेआत्रिचेचे आंदण’ अशा अर्थाचे होते. मात्याश आणि बेआत्रिचे यांची राजचिन्हे असलेली, इटलीतील पेझारो येथील ताटे, ज्यांतील एकेक आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, ती १४८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील मानली जातात, म्हणजे विवाहानंतर सुमारे दहा वर्षांनी घडवलेली. आंदण हा शब्द त्यामुळे शब्दशः घ्यायचा नाही. प्रदर्शनांची नावेही उत्सवांसारखीच थोडी नाटकी असतात, एवढेच यातून ध्यानात ठेवावे.

यात आपल्यासाठी व्यावहारिक मुद्दा असा की, मोठी प्रदर्शने नेहमी नसतात. त्यातही कोर्विना पाहण्याची अपेक्षा ठेवून गेल्यास निराशा होण्याचा संभव फार आहे, कारण चर्मपत्र आणि त्यावरचे रंग प्रकाशाने खराब होतात आणि म्हणून ही हस्तलिखिते वर्षातील बहुतेक काळ अंधारात ठेवलेली असतात. माझ्या दुसऱ्याच गटाला मी मोठ्या उत्साहाने कोर्विना दाखवायला नेले आणि त्या वेळी एकही मांडलेली नव्हती. चौकशी न करता गेले, ही चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून मी निघण्याच्या आदल्या आठवड्यात संकेतस्थळ पाहते, आणि बहुतेक वेळा मुलांना जालावरील डिजिटल प्रतीच दाखवते. त्या मोठ्या करून पाहता येतात, आणि काचेआडच्या ग्रंथाचे एकच पान दिसते तिथे इथे सगळी पाने उलटता येतात. मुलीला एक खेळ सांगा. पानाच्या सोनेरी समासात डोमकावळ्याबरोबर राजाची खास चिन्हे लपलेली असतात : विहीर, मधमाश्यांचे पोळे, वाळूचे घड्याळ, पिंप, ड्रॅगन, खगोल. एका पानावर किती सापडतात ते तिने मोजावे. हीच चिन्हे नंतर उत्सवातील झेंड्यांवर आणि मातीच्या पेल्यांवर भेटली की तिला ओळखीचे कोणी भेटल्याचा आनंद होईल.

जी मूळ वस्तू कायम आपल्या जागी असते आणि जी चुकवू नये, ती माझ्या मते एस्टेरगोम येथे आहे. तिथल्या बॅसिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, खजिन्यात ‘मात्याशचा क्रूसस्तंभ’ आहे. सुमारे पाऊण मीटर उंचीच्या या सुवर्णकृतीचा वरचा भाग पॅरिसमध्ये १४०२ च्या सुमारास घडवला गेला. तो रेनेसान्सच्या आधीच्या, मध्ययुगातल्या गॉथिक शैलीचा आहे, मुलामा आणि मोत्यांनी भरलेला, टोकदार आणि नाजूक. मात्याशने त्याला खाली नवी बैठक करून घेतली, तिच्यावर स्फिंक्स आहेत आणि स्वतःचे राजचिन्ह आहे. वरची नजर हळूहळू खाली आणली की एका ठिकाणी गॉथिक संपते आणि रेनेसान्स सुरू होतो. मधला सांधा डोळ्यांना स्पष्ट दिसतो. गॉथिक आणि रेनेसान्स यांतला फरक मी गटाला शब्दांत समजावणे सोडून दिले आहे, मी त्यांना या वस्तूसमोर पाच मिनिटे गप्प उभे करते.

त्याच बॅसिलिकात बॉकोत्स प्रार्थनागृह आहे. आर्चबिशप तामाश बॉकोत्स याने त्याचे काम १५०६ मध्ये सुरू केले. एस्टेरगोमचे जुने कॅथेड्रल ऑटोमन काळात उद्ध्वस्त झाले, पण हे प्रार्थनागृह वाचले. आणि एकोणिसाव्या शतकात नवी बॅसिलिका बांधायची ठरली तेव्हा १८२३ मध्ये ते सुमारे सोळाशे तुकड्यांत सुटे करून, हलवून, नव्या इमारतीच्या कुशीत पुन्हा जोडले गेले. हंगेरीतील रेनेसान्स वास्तूंत आत उभे राहता येईल अशी एवढी पूर्ण जागा दुसरी नाही, आणि तीही जोडलेली आहे. भिंतीचा लाल दगड ‘लाल संगमरवर’ म्हणून ओळखला जातो. तो प्रत्यक्षात जवळच्या डोंगरांतला लाल चुनखडक आहे आणि घासून चकचकीत केला की संगमरवरासारखा दिसतो. वेदी मात्र पांढऱ्या संगमरवराची आहे आणि फिएसोलेच्या आंद्रेआ फेरुच्ची याने १५१९ मध्ये ती घडवली.

आता विशेग्रादकडे वळू, कारण आपण ज्या उत्सवाबद्दल ऐकले आहे तो बहुधा तिथलाच असावा. डॅन्यूबच्या वळणावर वसलेल्या या गावात मात्याशचा उन्हाळी राजवाडा होता. समकालीनांनी त्याची स्तुती केलेली होती, पण पुढे तो असा नाहीसा झाला की लोकांना ती वर्णने अतिशयोक्ती वाटू लागली. डोंगरावरून वाहून आलेल्या मातीने त्याचे मजले गाडले गेले आणि वर राहिलेले दगड अठराव्या शतकात वसाहतीला आलेल्या लोकांनी घरांसाठी नेले. १९३४ च्या अखेरीस यानोश शुलेक या वास्तुशास्त्रज्ञाला त्याचा माग लागला आणि मग दशकानुदशके उत्खनन चालले. आज आपण जे पाहतो त्यात काही मूळ भिंती आहेत आणि काही भाग अलीकडे पुन्हा उभारलेले आहेत. अंगणातील हर्क्युलिसचे कारंजे, ज्यात बाल हर्क्युलिस हायड्रा या बहुमुखी सर्पाशी झुंजतो, ही प्रतिकृती आहे. जियोव्हान्नी दाल्माता याच्या हातचे मानले जाणारे मूळ तुकडे आत संग्रहालयात ठेवले आहेत. मी नेहमी गटाला आधी आत नेते. तुटका खांदा आणि सर्पाच्या शरीराचा तुकडा पाहून झाला की मग बाहेर येऊन पूर्ण कारंजे पाहायचे. हा क्रम उलटा केला तर तुकड्यांकडे कोणी लक्ष देत नाही, कारण ‘पूर्ण’ आधीच पाहिलेले असते.

जुलैमध्ये इथे विशेग्राद आंतरराष्ट्रीय राजवाडा खेळ होतात, ते १९८० च्या दशकापासून चालू आहेत. इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी : हा उत्सव नेमक्या अर्थाने रेनेसान्सचा नाही. त्याचा गाभा १३३५ सालच्या राजभेटीचा आहे. त्या वर्षी हंगेरीचा राजा कारोय रोबेर्त याने बोहेमियाच्या आणि पोलंडच्या राजांना विशेग्रादला बोलावले होते. जुन्या इतिवृत्तानुसार बोहेमियाच्या राजाच्या जेवणासाठी रोज २५०० आणि पोलंडच्या राजासाठी १५०० पाव दिले जात आणि मद्याची १८० पिंपे खर्ची पडली. १९९१ मध्ये मध्य युरोपातील देशांनी आपल्या सहकार्य गटाला विशेग्रादचे नाव दिले ते याच भेटीच्या स्मरणार्थ. म्हणजे खेळ चौदाव्या शतकाच्या नावाने, जागा पंधराव्या शतकातल्या मात्याशची आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तू सर्व शतकांच्या, असे हे मिश्रण आहे. भाल्यांचे घोडेस्वार सामने, धनुर्विद्या, शिकारी ससाण्यांची प्रात्यक्षिके, इटलीहून आलेले झेंडे फेकणारे पथक, मिरवणूक, लोहार आणि कुंभार यांचे तंबू, असे त्याचे स्वरूप असते. बारा वर्षांच्या मुलीला यापेक्षा अधिक काही लागत नाही.

माझा स्वतःचा पहिला अनुभव मात्र फजितीचा होता. आम्ही थेट सामन्यांच्या मैदानावर जाऊन जागा धरली, तीन तास उन्हात बसलो, आणि संध्याकाळी परतीच्या फेरीबोटीत गटातील एका आजोबांनी शांतपणे विचारले, “बाई, तो राजवाडा कुठे होता?” आम्ही दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. आता मी सकाळी दार उघडताच राजवाडा आणि संग्रहालय पाहून घेते आणि दुपारनंतर खेळांकडे जाते.

उत्सवात काय टिकाऊ आणि काय नुसते सजावटीचे, हे ओळखण्याच्या माझ्या काही साध्या खुणा आहेत. तलवारबाजी करणाऱ्याला विचारावे की तुमचे चिलखत कशावरून बनवले. जो एखाद्या समाधिशिलेचे किंवा संग्रहालयातील नगाचे नाव सांगतो त्याच्याशी आणखी बोलावे. वादकांना विचारावे की ही चाल कुठली. पुष्कळदा उत्तर येईल, कायोनी हस्तलिखितातली. तो सतराव्या शतकात ट्रान्सिल्व्हेनियात लिहिला गेलेला संग्रह आहे आणि आज ‘हंगेरियन रेनेसान्स नृत्यसंगीत’ म्हणून जे वाजवले जाते त्यातले बरेच तिथूनच येते. म्हणजे मात्याशनंतर दीडशे वर्षांहून अधिक काळानंतरचे. पण मात्याशच्या दरबारातील नाचांची अशी वही हाताशी नाही, आणि वादक हे मोकळेपणाने सांगत असेल तर मला त्यात काहीही वावगे वाटत नाही. ब्राशोव येथे जन्मलेल्या बालिंट बॉकफॉर्क याच्या ल्यूट या तंतुवाद्यासाठीच्या रचना मात्र सोळाव्या शतकात ल्यों आणि क्राकूव येथे छापल्या गेल्या होत्या. त्या कुठे एकट्या ल्यूटवर ऐकायला मिळाल्या, तर सामने सोडून तिकडे जावे.

खाण्याच्या बाबतीत तर कालविपर्यास ठरलेलाच असतो. ‘राजा मात्याशची मेजवानी’ अशा पाटीखाली पाप्रिका घातलेला रस्सा आणि बटाटे मिळतात. मात्याश वारला तेव्हा कोलंबस अजून निघालासुद्धा नव्हता, त्यामुळे मिरची, बटाटा, टोमॅटो यांतले काहीच त्याच्या ताटात नव्हते. त्याच्या ताटात काय होते हे गॅलेओत्तो मार्त्सिओ या इटालियन विद्वानाने लिहून ठेवले आहे : रस्स्यात वाढलेले मांस, आणि केशर, लवंग, दालचिनी, मिरी, आले यांचा सढळ वापर. केशर सोडले तर हे मसाले आशियातून आलेले. त्याने आणखी एक टिपले आहे. तिथे इटलीतल्यासारखे काटे वापरत नसत, सर्व जण हातांनी खात, केशराने बोटे पिवळी होत आणि कपड्यांवर डाग पडत. राजा मात्र बोलता-बोलता हातांनी जेवत असूनही त्याच्या कपड्यांवर थेंब पडत नसे. आपल्या वडिलांना हा उतारा जरूर सांगा, हाताने जेवणाऱ्या राजाबद्दल त्यांचे मत एकदम चांगले होईल. आई-वडील शाकाहारी असतील तर उत्सवात त्यांच्यासाठी लांगोश हा तळलेल्या पिठाचा, वर लसूण, आंबट साय आणि चीज घातलेला पदार्थ असतो, पण तो तेलात तळला आहे की डुकराच्या चरबीत हे विचारल्याशिवाय घेऊ नये. निखाऱ्यावर फिरवून भाजलेला नळीसारखा गोड पाव, क्युर्तोशकालाच, मुलांना फार आवडतो. त्यात अंडे असते. त्याची उपलब्ध असलेली जुनी कृती अठराव्या शतकातली आहे, म्हणून त्यालाही रेनेसान्स म्हणू नये, चवीने खावे.

इतर ठिकाणांबद्दल थोडक्यात सांगते. सेकेशफेहेरवार येथे ऑगस्टमध्ये राजोत्सव असतो आणि त्यात राजा-राण्यांच्या अवाढव्य बाहुल्या मिरवतात. मात्याशचा राज्याभिषेक १४६४ मध्ये याच गावी झाला आणि त्याला पुरलेही इथेच. पण तिथल्या बॅसिलिकाचा आता केवळ पाया उरला आहे आणि राजांच्या अस्थी एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. त्याच महिन्यात, २० ऑगस्टच्या राष्ट्रीय सणाच्या आसपास, बुडाच्या किल्ल्यात कारागिरांचा मोठा मेळा भरतो. आपण जुलैत जात असल्याने दोन्ही हुकतील, त्याची फार हळहळ करू नये. कोलोझ्वारला जायची इच्छा असेल तर रोमानिया आता पूर्णपणे शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे आपल्याला वेगळा व्हिसा काढावा लागणार नाही. मात्र प्रवास लांबचा आहे. आठ दिवसांत आई-वडिलांना घेऊन मी तो करणार नाही. तिथे मात्याशचे जन्मघर आहे आणि यानोश फॉद्रुस याने घडवलेला, १९०२ मध्ये अनावरण झालेला अश्वारूढ पुतळा आहे.

कोलोझ्वारचीच एक गोष्ट मुलीला प्रवासात सांगण्याजोगी आहे. मात्याश वेषांतर करून गावात फिरतो. तिथल्या लोभी न्यायाधीशाचे लोक त्याला पकडून फुकटात लाकडे वाहायला लावतात. तो गुपचूप तीन ओंडक्यांवर आपले नाव लिहून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी राजा म्हणून येऊन ढिगातून ते ओंडके काढायला लावतो. ‘मात्याश राजा गेला, न्यायही गेला’ ही म्हण हंगेरीत आजही आहे आणि उत्सवांतील बाहुलीनाट्ये याच गोष्टींवर चालतात. आपल्याला मोठ्यांना म्हणून एवढेच सांगते की या न्यायी राजाने भाडोत्री ‘काळ्या सैन्या’साठी आणि युद्धांसाठी जबर कर बसवले होते. त्याच्या हयातीत शेतकऱ्यांना तो एवढा प्रिय होता असे मानायला फारसा आधार नाही. त्याच्यानंतर जे आले त्यामुळे त्याचा काळ सोन्याचा वाटू लागला. उत्सव हे सांगणार नाही, ते त्याचे कामही नव्हे. प्रदर्शनाने मात्र सांगितले पाहिजे, आणि जे सांगत नाही त्याला मी कमी गुण देते.

आता आपल्या दिवसांचा हिशेब. हे पूर्णपणे आई-वडिलांच्या चालण्यावर, त्या वर्षीच्या तारखांवर आणि कोणते तात्पुरते प्रदर्शन चालू आहे यांवर अवलंबून आहे. पण सामान्य परिस्थितीत मी पहिला पूर्ण दिवस बुडाच्या किल्ल्यातील संग्रहालयाला आणि राष्ट्रीय संग्रहालयाला देईन. राष्ट्रीय संग्रहालयाकडे फ्लोरेन्समध्ये विणलेले मात्याशच्या सिंहासनामागचे वस्त्र आहे, ते मांडलेले आहे का ते तेवढे विचारून घ्यावे. एक दिवस एस्टेरगोम. मग एक दिवस मध्ये मोकळा, आणि त्यानंतर विशेग्राद. तारखा जुळत असतील तर खेळांच्या पहिल्या दिवशी जावे, शनिवारची गर्दी ज्येष्ठांना झेपत नाही. बुडापेस्टच्या न्युगॉती स्थानकावरून नॉजमारोशला रेल्वेने जायचे आणि तिथून फेरीबोटीने नदी ओलांडायची, हा मार्ग मला रस्त्यापेक्षा आवडतो, कारण नदीच्या मध्यावरून किल्ला आणि राजवाडा यांची एकमेकांपासूनची उंची कळते. वरच्या किल्ल्यापर्यंतचा चढ अवघड आहे, तिथे आई-वडिलांसाठी गाडीच करावी. टोपी, पाणी आणि रोख फोरिंट (हंगेरीचे चलन) जवळ असावेत, उत्सवातील लहान तंबूंत कार्ड चालेलच असे नाही. आणि तारखा जुळल्या नाहीत तर उत्सवासाठी सगळा प्रवास हलवू नका. रिकाम्या राजवाड्यात मुलीला कारंज्याजवळ निवांत बसता येते, जे खेळांच्या दिवशी शक्य होत नाही.

रोख पैसे बदलून घेताना हजार फोरिंटची एक नोट मुलीसाठी बाजूला काढून ठेवा. तिच्या एका बाजूला मात्याश आहे आणि दुसऱ्या बाजूला विशेग्रादच्या अंगणातील तेच हर्क्युलिसचे कारंजे. संग्रहालयातले तुकडे पाहून ती बाहेर आली की नोट तिच्या हातात द्या आणि कारंज्यातला कोणता भाग मूळ दगडावरून घेतला असेल आणि कोणता अंदाजाने भरला असेल, ते तिला ओळखायला सांगा. माझ्या गटांत या खेळात मोठी माणसे बहुधा हरतात.